४१ किलोमीटर उंचीवरचा जिवाणू आणि फ्रेड हॉईल नावाचा हट्टी माणूस

तुमच्या फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड कधी ना कधी आलाच असेल. इस्रोनं आकाशात ४१ किलोमीटरवर तीन नवे जिवाणू पकडले, ते किरणोत्सर्गालाही दाद देत नाहीत, आणि जीवसृष्टी अंतराळातून आली हे आता सिद्ध झालंय. खाली भरपूर हात जोडलेले इमोजी. मला तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना पहिल्यांदा आला आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी येतोच आहे.

गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं खरं आहे. इस्रो खरी, ४१ किलोमीटर खरे, तीन जिवाणूही खरे. इतकंच काय, ते ओळखण्याच्या कामाचा मोठा भाग पुण्यात झाला. मी राहतो मुळशीतल्या नेरे गावात, काम हिंजवडीत. शिवाजीनगरला जाताना विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आपण सगळेच अडकतो. त्याच विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे हे काम झालं.

फॉरवर्डमध्ये खोटा आहे तो शेवटचा भाग, सिद्ध झालं हा. आणि त्यात जे नसतंच ते म्हणजे त्या तिघांपैकी एकाचं नाव: जानिबॅक्टर हॉईली. यातले हॉईल म्हणजे इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. ते २००१ सालीच गेले. जीवशास्त्राची पदवी नसलेल्या या माणसाचं नाव पुण्यातल्या लॅबमधल्या जिवाणूला कसं मिळालं, हे कळलं की तो फॉरवर्ड नीट वाचता येतो. म्हणून आज त्यांची गोष्ट.

सहा पाकळ्यांचं फूल

फ्रेडचा जन्म २४ जून १९१५ चा, यॉर्कशरमधल्या गिलस्टेड नावाच्या लहान गावातला. वडील लोकरीच्या धंद्यात, आई संगीत शिकलेली. मूकपटांच्या काळात ती थिएटरात पडद्यासमोर बसून पियानो वाजवायची. घरची परिस्थिती बेताची. पोरगं हुशार, पण शाळा बुडवण्यात पटाईत. पाढे शाळेत जायच्या आधीच पाठ होते. त्यामुळे शाळेत नेमकं काय मिळणार हा त्याचा प्रश्न तसा रास्त होता.

त्यांनी आत्मचरित्रात शाळेतला एक प्रसंग सांगितलाय. बाईंनी वर्गाला रानातून फुलं गोळा करून आणायला लावलं होतं आणि एका फुलाला पाच पाकळ्या असतात असं शिकवलं. फ्रेडच्या हातातल्या फुलाला सहा होत्या. त्याचा हिशोब सरळ होता. चार असत्या तर एक गळून पडली म्हणता आलं असतं, पण सहावी जास्तीची आली कुठून? हे बाईंना सांगितल्यावर त्याच्या कानाखाली बसली. पुढे त्याच कानानं ऐकू येईनासं झालं, आणि त्याचं मूळ त्या फटक्यात असावं असं त्यांना वाटायचं.

हा प्रसंग मी मुद्दाम आधी सांगतोय. पुढची ऐंशी वर्षं हा माणूस हेच करत राहिला. सगळे पाच म्हणत असताना हा सहावी पाकळी दाखवायचा. कधी ती खरोखर सहावी असायची. कधी नसायची.

स्कॉलरशिपवर फ्रेड केंब्रिजला पोहोचला. गणितात वरचा नंबर काढला. संशोधन सुरू केलं, पण पीएचडीची पदवी घेतलीच नाही. विद्यार्थी म्हणून नाव राहिलं की इन्कम टॅक्सच्या दृष्टीनं फायद्याचं, हे त्यामागचं एक कारण. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि तरुण हॉईल ब्रिटिश नौदलाच्या रडार संशोधनात गेले. शत्रूचं विमान किती उंचीवर आहे हे रडारच्या सिग्नलवरून ओळखायची युक्ती त्यांनी शोधली. तिथेच हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड हे दोन मित्र मिळाले. दिवसा रडार, रात्री विश्वाची उत्पत्ती, असा तिघांचा कार्यक्रम असे.

तुमच्या शरीरातला कार्बन

हॉईल फक्त याच कामासाठी लक्षात राहिले असते तरी पुरे होतं. त्यामुळे इथे जरा थांबू.

तुमच्या शरीरात कार्बन आहे. तो कुठून आला? विश्वाच्या सुरुवातीला जवळपास हायड्रोजन आणि हेलियमच होतं. ताऱ्यांच्या पोटात तीन हेलियम अणुकेंद्रं जुळून एक कार्बन होतो, हे सुचलं होतं. अडचण वेगळीच होती. आधी दोन हेलियम जुळतात, त्यातून बेरिलियम तयार होतं, आणि ते सेकंदाच्या अतिशय सूक्ष्म अंशाएवढाच वेळ टिकतं. तेवढ्यात तिसऱ्यानं येऊन धडकायचं. गणित मांडलं की कार्बन जवळजवळ बनतच नाही असं उत्तर यायचं.

पण आपण तर आहोत! हॉईलनी इथून उलटा विचार केला. झोक्याला बरोबर वेळेवर ढकललं तर थोड्या जोरातही तो उंच जातो. कार्बनच्या अणुकेंद्रात असाच एक बरोबर जुळणारा ऊर्जास्तर असला पाहिजे, साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला, तरच हे गणित सुटतं. तोपर्यंत असा स्तर कुणी पक्का दाखवलेला नव्हता. १९५३ मध्ये हॉईल अमेरिकेत कॅलटेकला गेले आणि विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी तो शोधायला सांगितलं. एक खगोलशास्त्रज्ञ येतो आणि अणुकेंद्रात काय असायला हवं हे अणुशास्त्रज्ञांना सांगतो. त्यांना ते विचित्रच वाटलं. पण वॉर्ड व्हेलिंग यांच्या टीमनं मोजून पाहिलं, आणि स्तर तिथेच सापडला.

१९५७ मध्ये मार्गरेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल या चौघांनी ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी तयार होतात यावर मोठा निबंध लिहिला. रक्तातलं लोह आणि फोनमधलं सोनं कुठून आलं याची आजची उत्तरं त्याच पायावर उभी आहेत. १९८३ मध्ये या विषयासाठी नोबेल मिळालं ते फाउलर यांना. हॉईल यांना नाही. का, यावर आजही वाद होतात. माझं मत विचाराल तर, ज्यानं स्तर कुठे असेल ते आधी सांगितलं त्याला वगळणं अन्याय होता. तोवर त्यांनी बाकी काय काय बोलून ठेवलं होतं, हेही त्यामागे असावं असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे. त्याकडे येतोच.

बिग बँग हे नावसुद्धा हॉईल यांचंच, मार्च १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात वापरलेलं. विनोद असा की ती कल्पना त्यांना अजिबात मान्य नव्हती. विश्वाला सुरुवातच नाही, ते प्रसरण पावतं आणि मधल्या जागेत नवं द्रव्य हळूहळू तयार होत राहतं, असा सिद्धांत त्यांनी आणि बाँडी-गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडला होता. १९६५ मध्ये सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेकांनी तो सिद्धांत सोडला. हॉईलनी नाही सोडला.

कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर याच काळात केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी होते. १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि पंचविशीतल्या नारळीकरांचं नाव भारतातल्या वर्तमानपत्रांत गाजलं. हॉईल विज्ञानकथाही लिहायचे, त्यांची द ब्लॅक क्लाउड ही कादंबरी १९५७ ची. आपल्याकडे नारळीकर सरांनी यक्षांची देणगी लिहिलं. गुरूचा गुण म्हणायचा.

धुळीतून जिवाणूंकडे

१९७२ मध्ये हॉईलनी केंब्रिज सोडलं. तिथे स्वतः उभ्या केलेल्या संस्थेच्या कारभारावरून आणि नेमणुकांवरून भांडण झालं होतं. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. मग ते डोंगराळ भागात राहायला गेले, खूप चालले, खूप लिहिलं. आणि मूळचे श्रीलंकेचे आपले जुने विद्यार्थी चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर एका नव्याच प्रश्नात शिरले.

प्रश्न साधा होता. ताऱ्यांच्या मधल्या जागेत जी धूळ आहे ती कशाची? आधी बर्फ मानायचे. या दोघांनी कार्बनची म्हटलं, मग सेंद्रिय पदार्थांची. अंतराळात सेंद्रिय रेणू भरपूर आहेत हे आज सगळे मानतात, म्हणजे इथपर्यंत ते काळाच्या पुढेच होते. पण १९८० च्या सुमारास त्यांनी पुढची उडी मारली. आकाशगंगेच्या मध्याकडून येणारा अवरक्त प्रकाश धुळीतून येताना कुठे किती शोषला जातो याचा आलेख त्यांनी वाळवलेल्या जिवाणूंच्या आलेखाशी जुळवून पाहिला. दोन्ही रेषा छान एकमेकींवर बसल्या. म्हणून त्यांनी म्हटलं की धूळ म्हणजे जिवाणूच.

इथे आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना लगेच खटकायला हवं. आउटपुट जुळलं म्हणजे आतला प्रोग्रॅम तोच असतो असं नाही. कार्बन-हायड्रोजनचे बंध असलेले कितीतरी पदार्थ त्याच भागात प्रकाश शोषतात. टीकाकारांनी हेच सांगितलं.

मग प्रश्न आला किरणोत्सर्गाचा. अंतराळात अतिनील किरण आहेत, वैश्विक किरण आहेत. तिथे जिवाणू जगणार कसा? हॉईल यांचं उत्तर बिनतोड वाटावं असं होतं. पृथ्वीवर असे जिवाणू आहेतच, जे प्रचंड किरणोत्सर्ग सोसतात. एवढा किरणोत्सर्ग पृथ्वीवर निसर्गात कुठेच नाही. ज्या संकटाशी कधी गाठच पडली नाही, त्याच्यासाठी उत्क्रांती चिलखत का शिवेल? म्हणजे ते चिलखत दुसरीकडे शिवलं गेलंय.

सहावी पाकळी. जास्तीची आली कुठून?

चिलखत नक्की कशासाठी?

हॉईल ज्यांच्याबद्दल बोलत होते त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये आर्थर अँडरसन डबाबंद मांसावर गॅमा किरण सोडून ते निर्जंतुक होतं का हे तपासत होते. एवढा डोस दिला की काहीच जिवंत राहू नये. तरी एक डबा नासला. आत हा गुलाबी-लालसर जिवाणू मजेत होता.

आकडे बघा. माणसाला उपचार न मिळाल्यास ४ ते ५ ग्रे एवढा किरणोत्सर्ग जीवघेणा ठरतो. हा ५,००० ग्रे झेलतो. त्याचा डीएनए वाचतो अशातला भाग नाही, त्याचे शेकडो तुकडे होतात. पण त्याच्याकडे जीनोमच्या एकाहून जास्त प्रती असतात, म्हणजे बॅकअप. तुकड्यांची सारखी टोकं एकमेकांवर ठेवून तो काही तासांत अख्खी फाइल परत जोडतो. शिवाय त्याच्या पेशीत मँगनीज भरपूर असतं आणि ते दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना सांभाळतं. हे महत्त्वाचं. फाइल फाटली तर चालेल, ती जोडणारं सॉफ्टवेअर करप्ट व्हायला नको.

आता हॉईल यांचा प्रश्न. हे कशासाठी? १९९६ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानातल्या दोन संशोधकांनी या जिवाणूचे असे वाण घेतले ज्यांची किरणोत्सर्ग सोसायची ताकद गेली होती. मग त्यांना सुकवलं. ते सुकवण्यालाही टिकेनात. म्हणजे दोन्ही संकटांना यंत्रणा एकच. पेशी पूर्ण सुकते तेव्हाही डीएनएचे असेच तुकडे होतात, आणि सुकणं तर पृथ्वीवर रोजचं आहे. चिलखत उन्हाळ्यासाठी शिवलं होतं, किरणोत्सर्गात ते फुकटात कामाला आलं.

हे वाचल्यावर मला आमच्या बाजूचं कासारसाई धरण आठवलं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठाचा गाळ उघडा पडतो, भेगाळतो, पायाखाली कौलासारखा वाजतो. जूनमध्ये पहिल्या पावसात परत चिखल. त्या गाळातल्या जिवाणूंना दर वर्षी मरणाच्या दारातून परत यायचं असतं. त्यात किरणोत्सर्ग सोसणारे किती असतील हे सांगायला नमुना तपासावा लागेल. पण शोधायला चंद्रावर जायची गरज नाही एवढं नक्की. अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटातल्या मातीवर संशोधकांनी आधी जबरदस्त गॅमा डोस दिला, मग जे उरलं ते वाढवलं. २००५ च्या त्या निबंधात मातीच्या एकाच नमुन्यातून डायनोकॉकसच्या ९ नव्या प्रजाती निघाल्या. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये पश्चिम बंगालमधल्या भूजलातून एक शोधला, तो आर्सेनिकलाही पुरून उरतो. त्याचं नाव डायनोकॉकस इंडिकस.

हॉईल यांना हे उत्तर पटलं असतं का? मला शंका आहे. १९७९ पासून ते आणि विक्रमसिंघे फ्लूसारखे आजारही अंतराळातून पडतात असं सांगत होते. १९८० च्या दशकात त्यांनी लंडनच्या संग्रहालयातलं आर्किऑप्टेरिक्स या पंखवाल्या जीवाचं जीवाश्मच बनावट आहे असा आरोप केला. संग्रहालयानं दगडाच्या दोन्ही बाजूंवरच्या केसाएवढ्या बारीक भेगा एकमेकींशी जुळतात हे दाखवून तो खोडला. जीवशास्त्रवाल्यांनी त्यांचं नाव ऐकलं की कपाळाला हात लावायचा, अशी वेळ आली होती.

शेवटचं वर्ष

१९९७ मध्ये त्यांना ताऱ्यांवरच्या कामासाठी क्राफोर्ड पारितोषिक मिळालं, एडविन साल्पिटर यांच्याबरोबर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ८२ वर्षांचे हॉईल आपल्या जन्मगावाजवळ फिरायला गेले आणि एका घळीत पडले. सुमारे १२ तासांनी शोधपथकाच्या कुत्र्यानं त्यांना शोधलं. हाडं मोडली होती, न्यूमोनिया झाला. त्यातून ते पूर्वीसारखे कधी सावरलेच नाहीत.

जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून एक मोठा बलून सोडण्यात आला. कल्पना हॉईल यांच्या जुन्या प्रश्नाची, भारतात पुढाकार नारळीकर सरांचा. त्यांनी तोवर पुण्यात आयुका उभी केली होती. ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा झाली. तिच्यात जिवंत पेशींच्या खुणा दिसल्याचं त्या वर्षी २९ जुलैला अमेरिकेतल्या एका परिषदेत जाहीर झालं. २० ऑगस्टला बोर्नमथमध्ये हॉईल वारले.

म्हणजे त्यांच्या नावाचा जिवाणू त्यांनी कधी पाहिलाच नाही.

मग पुण्यात काय झालं?

पहिल्या बलूनवर बरेच आक्षेप आले. नमुना जमिनीवरच खराब झाला नसेल कशावरून? हा आक्षेप बरोबर होता. म्हणून २० एप्रिल २००५ ला दुसरा बलून गेला, टीआयएफआरच्या हैदराबादमधल्या बलून केंद्रातून. त्यावर ४५९ किलोचं सामान. आत स्टीलच्या १६ नळ्या, निर्जंतुक केलेल्या, हवा पूर्ण काढून घेतलेल्या, आणि ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. निऑन उणे २४६ अंशांवर उकळतो. नळीचं तोंड वर गेल्यावर रिमोटनं उघडलं की बाहेरची विरळ हवा आत शिरते आणि तिथेच गोठते. २० ते ४१ किलोमीटरच्या मधल्या वेगवेगळ्या उंचींवर नमुने घेतले, पॅराशूटनं खाली आणले. ते एकाच लॅबला न देता हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस अशा दोन ठिकाणी वेगवेगळे तपासले गेले.

एकूण १२ प्रकारच्या जिवाणूंच्या आणि ६ प्रकारच्या बुरशींच्या वसाहती वाढल्या. आता ओळख कशी पटवायची? जिवाणू मायक्रोस्कोपखाली बहुतेक सारखेच दिसतात, गोल नाहीतर कांडीसारखे. म्हणून १६एस नावाचा जीन वाचतात. तो सुमारे १,५०० अक्षरांचा आहे आणि प्रत्येक जिवाणूत असतो, कारण प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा तो भाग आहे. महत्त्वाचा असल्यानं फार हळू बदलतो. हा जीन तुलनेसाठी वापरायची वाट अमेरिकेच्या कार्ल वूझ यांनी १९७० च्या दशकात घालून दिली. दोन फाइल्सचा डिफ काढतो तसाच प्रकार. जितकी अक्षरं वेगळी, तितकं नातं लांबचं.

डिफ काढल्यावर १२ पैकी ९ जिवाणू जमिनीवरच्या माहीत असलेल्या प्रजातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळले. हा आकडा फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. उरलेले तीन कुणाशीच पुरेसे जुळले नाहीत. पण फक्त १६एसवर नवी प्रजाती जाहीर करता येत नाही. अख्ख्या डीएनएची जवळच्या नातेवाइकांशी तुलना करावी लागते, पेशीभिंतीत आणि चरबीत काय आहे ते बघावं लागतं, कुठल्या तापमानाला वाढतो, काय खातो, सगळं. मग जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करायचा, म्हणजे कुणालाही मागवून तपासता येईल. आपल्या भाषेत, कोड ओपन रेपोमध्ये टाकल्याशिवाय रिलीज नाही.

मार्च २००९ मध्ये इस्रोनं तीन नावं जाहीर केली. एक हॉईल यांच्यासाठी, एक इस्रोच्या नावानं बॅसिलस इस्रोनेन्सिस, एक आर्यभटांच्या नावानं बॅसिलस आर्यभट्टाय. तिघेही आपल्या जमिनीवरच्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरण बरेच जास्त सोसत होते. हे गॅमा किरण नाहीत हं, फॉरवर्डमध्ये दोन्हीची खिचडी होते. ओझोनचा मुख्य थर साधारण १५ ते ३५ किलोमीटरवर असतो, त्याच्या वर सूर्याचे अतिनील किरण जवळपास न गाळता येतात. तिथे तग धरणाऱ्याकडे हे चिलखत असणं स्वाभाविक आहे. आणि इस्रोनं त्याच निवेदनात स्पष्ट म्हटलं होतं की यावरून हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत हे ठरत नाही. फॉरवर्ड बनवणाऱ्यानं तेवढी ओळ गाळली.

नावाचा पहिला भाग आडनावासारखा असतो, त्यावरून घराणं कळतं. जानिबॅक्टर हे घराणं १९९७ मध्ये नोंदवलं गेलं. रोमन लोकांचा जेनस हा दोन तोंडांचा देव, आणि या जिवाणूच्या पेशी कधी गोल तर कधी कांडीसारख्या, म्हणून ते नाव. त्या घराण्यातला सगळ्यात आधी ओळखला गेलेला सदस्य म्हणजे जानिबॅक्टर लिमोसस. लिमोसस म्हणजे लॅटिनमध्ये चिखलाचा. तो सापडला होता सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या गाळात. हॉईल यांच्या नावाच्या जिवाणूचं घराणं असं मातीतलं, खरं तर गटारातलं आहे.

मग तो ४१ किलोमीटरवर कसा गेला? वादळं, ज्वालामुखी, धूळ असे अंदाज आहेत. पक्का रस्ता कुणी दाखवलेला नाही. हॉईल असते तर त्यांनी इथेच बोट ठेवलं असतं, आणि या वेळी तो प्रश्न चुकीचा ठरला नसता.

बाकी दोघांचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण वर्गीकरण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. इस्रोनेन्सिसला २०१६ मध्ये बॅसिलसमधून काढून सोलिबॅसिलसमध्ये टाकलं. सोलिबॅसिलसमधला सोल म्हणजे माती. आर्यभट्टायचं २०१९ मध्ये अख्खा जीनोम ताडून काही संशोधकांनी सांगितलं की ही नवी प्रजाती नाहीच, १८८४ पासून माहीत असलेला मातीतला बॅसिलस मेगाटेरियमच आहे. प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर दहा वर्षांनी बग सापडावा तसं. जानिबॅक्टर हॉईली मात्र अजून स्वतःच्या नावानं उभा आहे. २०१२ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. नमुना चंदीगडच्या संग्रहात आहे, नंबर ८३०७.

नारळीकर सर मे २०२५ मध्ये पुण्यात गेले. त्या आठवड्यात तो फॉरवर्ड परत आला, या वेळी त्यांच्या फोटोसकट. मी ग्रुपवर लिहिलं की १२ पैकी ९ आपल्याच जमिनीवरचे निघाले आणि उरलेल्या तिघांपैकी एकाचे नातेवाईक गटारात राहतात. काकांनी अंगठा पाठवला. मावशीनं विचारलं, मग हे वर गेले कसे? मी लिहिलं, तेच अजून कळलेलं नाही.